धर्मानंद कोसंबी आणि आपली पाली



आचार्य धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना 'भगवान बुद्ध' या ग्रंथामुळे माहीत आहे. नागपूर, औरंगाबाद, मुंबई, कुठल्याही गावातून बहरीनला आलेल्या कुटुंबाच्या कपाटात बाबासाहेबांच्या ग्रंथांशेजारी ते पुस्तक सापडते. पण कोसंबींच्या आयुष्याकडे भाषेच्या बाजूने फारसे कुणी पाहत नाही. मी पेशाने संगणकवाला, भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. तरीही गेली काही वर्षे पाली वाचताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. भाषा कशी चालते हे ज्याला कळते, त्याला धम्मग्रंथ समजून घेण्यासाठी मध्यस्थ लागत नाही. कोसंबींचे आयुष्य हा त्याचाच पुरावा आहे, म्हणून या अंकात त्यांच्याविषयी.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या सांकवाळ गावचा. राज्य पोर्तुगीजांचे, घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे. घरात कोकणी, पुस्तकात मराठी, सरकारात पोर्तुगीज आणि पूजेला संस्कृत. आपल्याला हे चित्र अनोळखी वाटायला नको. मनामाच्या दुकानात ऐकू येणारी अरबी वेगळी आणि वर्तमानपत्रात छापलेली अरबी वेगळी. बहरीनी मूल आईकडून एक अरबी शिकते आणि शाळेत दुसरी. एकाच समाजात बोलण्याची एक भाषा आणि प्रतिष्ठेची दुसरी, ही गोष्ट जगात फार जुनी आहे. बुद्धकाळातही ती होतीच.

कोसंबींचे शालेय शिक्षण तुटपुंजेच झाले. पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न झाले आणि ते घरच्या नारळीच्या बागेचे काम पाहू लागले. 'बालबोध' या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि तिथून त्यांना ध्यास लागला. हा धम्म मुळातून शिकायचा, त्यासाठी आधी संस्कृत शिकायचे. डिसेंबर १८९९ मध्ये ते घराबाहेर पडले. वय तेवीस, मुलगी काही आठवड्यांची. पत्नी बाळाबाई मागे राहिल्या आणि पुढची जवळजवळ सात वर्षे त्यांनी एकटीने काढली. चरित्रे लिहिताना आपण हा भाग एका वाक्यात उरकतो. मला तसे करणे पटत नाही. कोसंबींच्या विद्वत्तेची अर्धी किंमत बाळाबाईंनी मोजली आहे, एवढे तरी नोंदवून पुढे जाऊ.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन मिळाले. तिथून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करत ते काशीला पोचले, अन्नछत्रात जेवले आणि संस्कृत व्याकरण शिकले. १९०२ मध्ये बौद्ध धम्म जिवंत सापडेल या आशेने नेपाळ गाठले, पण तिथे निराशाच झाली. मग बोधगया. तिथल्या एका भिक्खूने त्यांना सिलोनचा रस्ता दाखवला. कलकत्ता, मद्रास करत ते कोलंबोला पोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकू लागले. त्याच वर्षी ते श्रामणेर झाले.

मधल्या दोन वर्षांत या माणसाने अर्धा भारत पालथा घातला, तो एका अशा भाषेसाठी जी भारतातच घडली होती आणि जिचे शिक्षण भारतातच जवळजवळ उरले नव्हते. ती सांभाळली होती सिलोन, ब्रह्मदेश आणि सयाम यांनी, आणि प्रत्येकाने आपापल्या लिपीत. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. कोलंबोत ती सिंहली अक्षरांत लिहितात, मंडालेत बर्मी अक्षरांत, बँकॉकमध्ये थाई, लंडनमध्ये रोमन, आणि आपण देवनागरीत. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचे तर डेटा एकच, एन्कोडिंग अनेक. भाषा म्हणजे मुळात तोंडाने काढलेले आणि कानाने ऐकलेले आवाज. लिपी हा त्यावर नंतर चढवलेला अंगरखा. म्हणूनच तर भिक्खुसंघाने शतकानुशतके सारे पाठांतराने जपले आणि लेखन नंतर आले. इथली आपली मुले वंदना रोमन अक्षरांत वाचतात म्हणून कुणी नाराज होते, ते मला फारसे पटत नाही. अक्षरे कोणतीही चालतील. आवाज मात्र नीट हवा: 'ट' चा 'त' झाला तर शब्दच बदलतो.

संस्कृत आणि मराठी येणाऱ्या कोसंबींना पाली किती परकी वाटली असेल? फार नाही, असे मी धरतो, आणि त्याचे कारण तुम्हीही आत्ता तपासून पाहू शकता. संस्कृतात 'सप्त', पालीत 'सत्त', मराठीत 'सात'. दुग्ध, दुद्ध, दूध. सर्प, सप्प, साप. अग्नि, अग्गि, आग. अद्य, अज्ज, आज. यात एक नियम आहे. आधी जोडाक्षरातले दोन वेगळे आवाज एकसारखे होतात, कारण जीभ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारण्याचे कष्ट टाळते. पुढच्या टप्प्यात जोड सुटून एकच व्यंजन उरते आणि गेलेल्या वजनाची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. 'स' सारखा घर्षणाचा आवाज जोडाक्षरात असेल तर तो जाताना मागे 'ह' चा श्वास ठेवून जातो: हस्त, हत्थ, आणि हिंदीत हाथ. अष्ट, अट्ठ, आठ. (मराठीने 'हात' मधला शेवटचा श्वासही सोडला, ती आपली खोड.) ग्राम, गाम, गाव. या शेवटच्या शब्दात 'म' चा 'व' झाला, तसाच तो नाम आणि नाव यांच्यातही झाला.

हे बदल कुणी ठरवून केले नाहीत. प्रत्येक पिढीतले मूल ऐकलेल्या बोलण्यावरून स्वतःच भाषेचे नियम बांधते आणि बांधताना ते जरासे सरकतात. पंचवीस-तीस पिढ्यांनी हे सरकणे साठले की नवी भाषा उभी राहते.

आता आपल्या सर्वांत जवळचा शब्द घेऊ. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम, त्यावरून चामडे. घर्म, घम्म, घाम. ऑगस्टमध्ये बहरीनमध्ये राहणाऱ्याला हा शेवटचा शब्द समजावून सांगायला नको. याच रांगेत धर्म, धम्म आणि मग मराठीत 'धाम' यायला हवा होता. पण तो आला नाही. (तीर्थाचे 'धाम' हा वेगळा शब्द, त्याचा इथे संबंध नाही.) पोथ्यांतला, पुरोहितांच्या तोंडचा संस्कृत 'धर्म' पुन्हा वरून येऊन बसला. 'काम' आणि 'घाम' हे कष्टकऱ्यांचे शब्द रस्त्याने चालत मराठीत आले आणि 'धर्म' पालखीत बसून आला. आज आपण 'धम्म' म्हणतो तेव्हा ती जुनी वाट पुन्हा जोडतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत परत आला.

म्हणून 'सरणं' ऐवजी 'शरणं' म्हणा, ते शुद्ध आहे, असे कुणी मुलांना सांगितले की मी अडवतो. संस्कृतात श, ष, स असे तीन आवाज आहेत, पालीत एकच 'स'. 'सरणं' हा बिघडलेला 'शरणं' नाही. तो त्या भाषेच्या स्वतःच्या नियमाने बरोबर असलेला शब्द आहे. प्राकृत म्हणजे मोडके संस्कृत, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे आणि तिच्या मुळाशी कुणाचे तोंड पवित्र आणि कुणाचे अपवित्र हा हिशेब आहे. मी विदर्भातून इंजिनीअरिंगला गेलो तेव्हा 'पानी' म्हणतो म्हणून वसतिगृहात पुष्कळ थट्टा झाली. फार पुढे पालीत 'पानीय' हा शब्द पाहिला, संस्कृतातही तो तसाच आहे. म्हणजे मुळात 'न' होता आणि पुस्तकी मराठीतला 'ण' हाच नंतरचा बदल! आमच्या बोलीत जुना 'न' टिकला की 'ण' चा पुन्हा 'न' झाला, हा अभ्यासकांचा प्रश्न आहे. पण अशुद्ध कोण, या प्रश्नाला भाषाशास्त्रात उत्तरच नाही, कारण तो भाषेचा प्रश्न नाही.

हा वाद तथागतांच्या समोरही आला होता. विनयपिटकात, चुल्लवग्गात प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खू भावांनी तक्रार केली की निरनिराळ्या कुळांतले, जातींतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवत आहेत, तेव्हा ते छंदस् मध्ये, म्हणजे वैदिक धाटणीच्या भाषेत बांधू या. तथागतांनी त्यांना फटकारले, तसे करणे हा दोष ठरवला आणि स्वतःच्या भाषेत बुद्धवचन शिकण्याची मोकळीक दिली. ती 'स्वतःची' भाषा शिकणाऱ्याची की बुद्धाची, यावर मतभेद आहेत. आचार्य बुद्धघोषांनी ती बुद्धाची मागधी मानली. मला पहिला अर्थ प्रसंगाला अधिक धरून वाटतो, कारण तक्रारच शिकणाऱ्यांच्या बोलींबद्दल होती.

एक सावधगिरी. पाली ही मराठीची थेट आई नव्हे. मराठी महाराष्ट्री प्राकृताच्या घरातली, पाली म्हणजे तिची मावशी म्हणा. आणि पाली म्हणजे जशीच्या तशी मगधाची बोली असेही दिसत नाही. अशोकाच्या शिलालेखांत पूर्वेकडे धौलीला राजाला 'लाजा' म्हटले आहे आणि पश्चिमेकडे गिरनारला 'राजा'. पालीत 'राजा'च आहे. 'पाली' हा शब्दही मुळात भाषेचे नाव नव्हता. मूळ ग्रंथपाठ असा त्याचा अर्थ, भाषेला तो पुढे चिकटला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली आणि प्राकृत यांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. मावशी-भाची एकत्र मांडवात आल्यासारखे झाले.

व्याकरणातही गंमत आहे. संस्कृतात एकवचन, द्विवचन, अनेकवचन अशी तीन वचने आहेत. पालीत द्विवचन गेले, मराठीतही नाही. इथे मात्र ते रोज कानावर पडते. दोन दिनार झाले की दुकानदार 'दिनारेन' म्हणतो, दोन दिवसांना 'योमेन'. 'दोन' हा शब्द न वापरता शेपटानेच काम भागते. संस्कृत आणि अरबी एका कुळातल्या नाहीत, तरी दोघींना ही सोय सुचली, आणि पालीला तिच्यावाचून काही अडले नाही.

कोसंबींकडे परत येऊ. सिलोनहून ते ब्रह्मदेशात गेले, तिथे उपसंपदा घेऊन भिक्खू झाले, ध्यानसाधना केली. १९०६ मध्ये चीवर उतरवून कलकत्त्याला पाली शिकवू लागले, आधी नॅशनल कॉलेजात, मग विद्यापीठात. याच सुमारास गोव्यात जाऊन बाळाबाईंना भेटले, संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ मध्ये मुलगा झाला, तोच पुढचा थोर गणिती आणि इतिहासकार दामोदर. मग बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षे दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे. कलकत्त्याचा याहून मोठा पगार सोडून त्यांनी ते स्वीकारले. जाणकार भाषा परदेशात किंवा राजधानीत चमकवण्यापेक्षा आपल्या माणसांच्या भाषेत उतरवणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे १९१० चे पुस्तक त्याच काळातले.

१९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पाली हा विषय आणण्यातही त्यांचा मोठा वाटा. त्यांच्या विद्यार्थ्यांत पु. वि. बापट होते, ज्यांनी पुढे २५०० व्या बुद्धजयंतीच्या निमित्ताने निघालेला मोठा ग्रंथ संपादित केला, आणि चिं. वि. जोशीही होते. होय, 'चिमणराव' लिहिणारे! ते बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते.

मधल्या काळात अमेरिका. हार्वर्ड विद्यापीठातले हेन्री क्लार्क वॉरन हे लहानपणी पाठीला इजा झालेले विद्वान, बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाची संपादित प्रत अर्धवट ठेवून १८९९ मध्ये वारले. ती पुरी करायला १९१० मध्ये कोसंबींना बोलावले गेले. हे काम म्हणजे सिंहली आणि बर्मी हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवणे. नकलून काढणारा चुकतो, पण वाटेल तसा चुकत नाही, त्याच्या लिपीप्रमाणे चुकतो. सिंहलीत 'च' आणि 'व' ही अक्षरे फार सारखी दिसतात, म्हणून तिथे त्यांची अदलाबदल होण्याचा धोका. दुसऱ्या लिपीच्या प्रतीत चुकांच्या जागा वेगळ्या असतात. दोन प्रती समोरासमोर ठेवल्या की एक दुसरीची चूक उघडी करते. आम्ही बॅकअप ताडून बिघडलेली फाईल दुरुस्त करतो, त्यातलाच प्रकार, फक्त इथे प्रत्येक ठिकाणी अर्थ कळावा लागतो.

प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेय कोणाचे यावरून बिनसले. कोसंबींना नुसता मदतनीस ठरवले जाणे मान्य नव्हते. १९१२ मध्ये ते परत आले. पुढे १९१८, १९२६ आणि १९३१ अशा आणखी तीन खेपा झाल्या. त्यांच्या दरम्यान अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राडमध्ये अध्यापन, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. हार्वर्ड पाहिलेला माणूस गिरणगावात जाऊन बसला, याचे मला विसुद्धिमग्गाइतकेच महत्त्व वाटते.

'भगवान बुद्ध' १९४०-४१ मध्ये आला आणि भाषेच्या ज्ञानाने काय होऊ शकते ते त्यात दिसते. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा सगळ्यांना पाठ. कोसंबींनी दाखवले की दीघनिकायात ती मुळात विपस्सी बुद्धाची आहे आणि नंतर गौतमाला जोडली गेली. मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतः सांगतात ते निराळेच आहे: आईवडील रडत असताना केस-दाढी काढून ते बाहेर पडले. इथे पालीत आईवडील आणि रडणे ही पदे षष्ठी विभक्तीत आहेत. नुसते शब्दशः 'रडणाऱ्या आईवडिलांचे' असे लावले तर वाक्य जुळत नाही. पालीत ही रचना 'अमुक घडत असतानाही, त्याला न जुमानता' या अर्थी येते. म्हणजे आईवडील जागे होते, समोर होते आणि त्यांना हे नको होते. एका विभक्तीने मध्यरात्रीचा घोडा नाहीसा होतो! मग गृहत्याग का? कोसंबींनी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या शस्त्रकलहाकडे बोट दाखवले. रोहिणीच्या पाण्याचा वाद बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये (१९५७) कसा आला आहे, ते वाचकांना सांगायला नको.

याच पुस्तकातला वादग्रस्त भाग 'सूकरमद्दव' या शब्दाचा. सूकर म्हणजे डुक्कर, मद्दव म्हणजे मऊपणा. पण दोन शब्दांमधले नाते समासात लिहिलेले नसते. डुकराचे मऊ मांस, की डुकराला आवडणारे एखादे कंद? 'बदामाचे तेल' आणि 'केसांचे तेल' यांची रचना एकच, पण एक बदामातून निघते आणि दुसरे केसांना लावतात. हे आपल्याला व्याकरण सांगत नाही, व्यवहार सांगतो. इथे भेटल्यावर लोक 'श्लोनक' म्हणतात, त्याचे तुकडे केले तर 'तुझा रंग काय' असे निघते आणि अर्थ असतो कसा आहेस. कोसंबींनी अट्ठकथेचा मांसाचा अर्थ मान्य केला आणि त्यावर मोठे वादळ झाले. जैन समाजातूनही विरोध झाला, कारण महावीरांबद्दलही त्यांनी तसेच लिहिले. त्यांनी मत बदलले नाही. मला तो प्रश्न अजून सुटलेला वाटत नाही, पण सोयीचा अर्थ घ्यायचा नाही हा त्यांचा बाणा आवडतो.

बाबासाहेबांनीही पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केले होते. ते महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात छापले. धम्मदीक्षा आणि व्याकरण ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी कामे नसावीत.

शेवटच्या काळात कोसंबी आजारी होते. दुसऱ्यावर भार होऊन जगायचे नाही असे ठरवून त्यांनी अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला देह ठेवला. 'विसुद्धिमग्ग' ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने काढली होती. हार्वर्डची आवृत्ती मात्र १९५० मध्ये निघाली. तिच्यावर वॉरन आणि कोसंबी अशी दोन्ही नावे आहेत.